चार सळया आणि मागची खोली

उत्तरेश्वर आकड्याआधी बुडबुडा बघायचा. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याच्या कोपऱ्यात, काचेच्या टिकलीएवढ्या डबीत, तेलकट पाण्यावर एक बुडबुडा तरंगत असतो. तो वर्तुळाच्या मधोमध असेल तर काटा सपाट जागेवर आहे असं समजायचं, आणि मगच त्याच्या आकड्याला अर्थ. मार्केट यार्डातले व्यापारी थेट आकड्याकडे बघत. उत्तरेश्वर काटा दुरुस्त करून परत द्यायला गेला की आधी वाकून बुडबुड्याकडे बघायचा, मग काट्याच्या एखाद्या पायाचा स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा, आणि मगच सरकारी शिक्क्याचं, खात्रीचं वजन ठेवायचा. तीस वर्षं हेच. विसाव्या वर्षी तो धाराशिवकडून पुण्यात आला, तेव्हा यार्डात लोखंडी तराजू होते. त्यांच्या पारड्यांच्या साखळ्या सरळ करण्यापासून त्याने सुरुवात केली. तराजू गेले, डबीतले बुडबुडे आले, उत्तरेश्वर तिथेच राहिला.

म्हणून सप्टेंबरातल्या त्या सकाळी जे त्याला दिसलं ते दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं.

बिबवेवाडीतल्या त्याच्या घराला दोन खोल्या. पुढच्या खोलीत त्याचं दुरुस्तीचं टेबल, मागच्या खोलीत स्वयंपाक आणि दीपमालाचा सगळा संसार. पुढे जागा नव्हती म्हणून त्याने एक काटा मागच्या खोलीत फरशीवर ठेवला. बुडबुडा भिंतीपासून लांबच्या कडेला जाऊन चिकटला. त्याने काटा उलटा फिरवला. बुडबुडा पुन्हा भिंतीच्या उलट कडेलाच गेला. म्हणजे काट्यात खोट नव्हती.

"दीपा, ही फरशी कधी उचलली होती का आपण?"

"फरशी? मी इथं पोळ्या उचलते रोज. फरशीला हात लावायला वेळ कुठंय?"

फरशी बसवली तेव्हा, बावीस वर्षांपूर्वी, त्याने असाच बुडबुडा ठेवून गवंड्याला तीनदा लाद्या उचलायला लावल्या होत्या. गवंडी म्हणाला होता, तुमच्या घरात काय दाणे निवडायचेत का? ती फरशी आता भिंतीकडे कलली होती. किती, ते डोळ्याला कळत नव्हतं. ओट्याच्या मागे, भिंतीवर, केसाएवढी एक चीर होती आणि ती कॅलेंडरखाली झाकलेली होती. कॅलेंडर त्यानेच लावलं होतं. का लावलं ते त्याला आठवेना, आणि ते न आठवणंच त्याला टोचायला लागलं.

सगळ्या गल्लीला एक गोष्ट माहीत होती, आणि ती कुणी मोठ्याने बोलत नसे. ही गल्ली पूर्वी शेत होतं. शेतमालकाने, म्हणजे टेम्पोवाल्या मच्छिंद्रच्या वडिलांनी, अर्ध्या-अर्ध्या गुंठ्याचे तुकडे पाडून ते विकलं. शेतात विहीर होती. विहीर बुजवली. कुठे होती, ते कुणालाच नेमकं सांगता येत नव्हतं. प्रत्येकाला वाटे, ती शेजाऱ्याच्या घराखाली असावी, आणि या समजुतीवर सगळे शांत झोपत.

उत्तरेश्वरची झोप उडाली ती विहिरीपेक्षाही वरच्या मजल्यामुळे.

वर दोन खोल्या चढवायच्या ठरल्या होत्या, नम्रतासाठी. नम्रता त्याची एकुलती लेक. एका रक्त तपासणी केंद्रात कामाला होती. तिचं लग्न दोन वर्षांत मिटलं, तेही भांडणाशिवाय, एखादं दुकान बंद होतं तसं. तेव्हापासून ती कर्वेनगरला तीन मुलींबरोबर एका फ्लॅटमध्ये राहत होती, एका पलंगाएवढ्या जागेत. घरी ये असं हे दोघं म्हणत, पण कुठे ये? टेबलाखाली काटे, पलंगाखाली काटे. शेवटी उत्तरेश्वरने साईनाथ ठेकेदाराशी बोलणं केलं. दिवाळी झाली की विटा पडणार होत्या. नम्रता कधी काही मागत नसे. फक्त एका रविवारी डबा बांधून घेताना तिने विचारलं होतं, "पप्पा, वरचं काम साधारण किती दिवस चालतं हो?" त्या विचारण्यातली काटकसर उत्तरेश्वर विसरला नव्हता.

आता खाली विहीर असेल तर वर मजला चढवणं म्हणजे लेकीला बोलावून तिच्या पायाखालची जमीन काढून घेण्यासारखं होतं.

त्याने साईनाथला चीर दाखवली. साईनाथ गालातल्या गालात हसला. "काका, पुण्यात वीस वर्षांच्या घरात चीर नसेल तर मला फोन करा, मी बघायला येईन."

"फरशी कलली आहे."

"कुणाला दिसतेय?"

"बुडबुड्याला."

साईनाथने एकदा बुडबुड्याकडे बघितलं, एकदा उत्तरेश्वरकडे. "बरं. मग बुडबुड्याला विचारा, सिमेंट कधी टाकू."

जमिनीच्या पोटात काय आहे ते मोजणारी माणसं पुण्यात होती. त्यातल्या एकाला त्याने फोन केला. त्या माणसाने मोकळी जागा किती आहे ते विचारलं, यंत्र आणायचा दर सांगितला, आणि उत्तरेश्वरने "कळवतो" म्हटलं. तेवढ्या बोलण्यात त्याने एक गोष्ट मात्र नीट ऐकून ठेवली होती: जमिनीत वीज सोडायची आणि जमीन तिला किती अडवते ते बघायचं. ओली, भुसभुशीत माती वीज पटकन जाऊ देते. मुरूम अडवतो. काळा खडक तर दारातच उभा करतो.

मिलिव्होल्ट मोजणं हा तर त्याचा धंदा होता. वजनकाट्याच्या आत तरी दुसरं काय असतं? पोलादाचा एक ठोकळा वजनाखाली केसभर वाकतो, त्यातून विजेचा एक थेंब येतो, आणि सर्किटचा बोर्ड तो थेंब मोजून किलो-ग्रॅम दाखवतो. हाच बोर्ड जमिनीच्या थेंबाला लावला तर?

पुढचा महिना त्याला याचाच ध्यास लागला. यार्डातून आला की डबा तसाच ठेवून तो टेबलाशी बसे. मोबाइलवर कुठल्या तरी प्राध्यापकाचे व्हिडिओ लावून ठेवी, अर्धे समजत, अर्ध्यांना तो नुसताच मान हलवी. एका मोडीत निघालेल्या मोठ्या काट्याच्या सांगाड्यातून त्याने स्टीलच्या चार सळया कापल्या, ग्राइंडरवर त्यांना टोकं काढली. सहा काट्यांमधल्या सहा छोट्या बॅटऱ्या ओळीने जोडल्या. बाहेरच्या दोन सळयांतून वीज जमिनीत जायची, आतल्या दोन सळयांमध्ये तिचा उरलेला दाब बोर्डाने मोजायचा, आणि किती वीज गेली ते एका पिवळ्या, स्वस्तातल्या मीटरने. सगळं एका स्टीलच्या डब्यात बसवलं. डबा दीपमालाचा होता.

"शेवेचा डबा होता तो," ती म्हणाली.

"दुसरा आणतो."

"दुसरा आणाल. शेव कोण करणार? इथं गॅसवर तुमच्या सळया तापतायत."

बोर्डाच्या पडद्यावर आकड्यापुढे 'kg' उमटायचं ते काही केल्या जाईना. त्याने त्यावर काळी पट्टी चिकटवली.

पहिल्यांदा त्याने घराच्या कडेच्या बोळात सळया ठोकल्या. बोळात सिमेंटचे पेव्हर ब्लॉक होते, पण ब्लॉक आणि ब्लॉकच्या फटीतून सळई नेमकी जाते हे त्याला तेव्हा कळलं आणि विनाकारण आनंद झाला. आकडा मात्र थांबेना. काट्यावर मांजर बसावं तसा हलत राहिला, मग एका दिशेने सरकत गेला, सरकतच गेला. दोन दिवस उत्तरेश्वर कुणाशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना त्याच्या लक्षात आलं की एकाच दिशेने वीज सोडत राहिलं तर सळई आणि ओली माती मिळून स्वतःच एक बॅटरी बनतात आणि खोटं बोलायला लागतात. त्याने दोन बाजूंचं बटण बसवलं. पाच मोजायचे, वीज उलटी करायची, पुन्हा पाच मोजायचे, दोन्ही आकड्यांची सरासरी घ्यायची. सरकणं थांबलं. थरथर राहिली.

ती थरथर गल्लीची होती. कुणाचा फ्रिज, कुणाचा मोटरपंप, कुणाची गळकी वायर. सगळ्यांची वाट चुकलेली वीज त्या जमिनीतून फिरत होती. ती बंद कशी करणार? पण पुण्यात गुरुवार असतो, लाइट जायचा दिवस. एका गुरुवारी सकाळी दहाला दुरुस्तीसाठी लाइट गेली, सगळी गल्ली वीज मंडळाच्या नावाने बोटं मोडायला लागली, आणि उत्तरेश्वर डबा घेऊन धावत बोळात गेला. आकडा दगडासारखा स्थिर.

दिवाळीनंतरच्या गुरुवारी मोजणी झाली. दीपमाला वही घेऊन पायरीवर बसली. तो सळया दोन-दोन मीटरवर ठोकी, बटण दाबी, आकडा सांगी, सगळं उपटून एक पाऊल पुढे सरके. पुढच्या खोलीच्या बाजूने सुरुवात करून मागच्या खोलीकडे.

मागच्या घराच्या गॅलरीत प्रेमलाताई उभ्या होत्या. त्या एका बँकेतून निवृत्त झालेल्या. दुपारी झोपत नसत आणि इतरांना झोपू देत नसत.

"उत्तरेश्वर, जमिनीचं वजन करताय का?"

"मोजतोय काहीतरी, ताई."

"करा, करा. भरली की सांगा. आमच्या घराची पण तेवढ्यात करून घ्या. जास्त भरली तर वरचा माळा रिकामा करते."

दीपमाला वहीत तोंड घालून हसली. उत्तरेश्वर हसला नाही. तो आता मागच्या खोलीजवळ, विजेचा मीटर लावलेल्या भिंतीपाशी आला होता. आतापर्यंत चाळिशीत असलेला आकडा तिथे अकरावर आला. त्याने सळया काढून पुन्हा ठोकल्या. दहा.

तो तिथेच उकिडवा बसला. पाणी, भुसभुशीत भराव, पोकळ पोट; जे जे त्याने ऐकलं होतं ते सगळं त्या दहामध्ये होतं. त्याने साईनाथला फोन करून विटा थांबवायला सांगितलं. मग नम्रताला लावला. बोलताना तो यंत्राबद्दलच जास्त बोलला. पलीकडे काचेच्या नळ्यांचा आवाज येत होता.

"बरं," नम्रता म्हणाली. मग पुन्हा, "बरं, पप्पा. जेवलात का?"

संध्याकाळी त्याने ओट्याजवळचं गव्हाचं पिंप पुढच्या खोलीत ओढत आणलं. रात्री दीपमालाचं अंथरूणही पुढे आलं. दोघं काट्यांच्या मध्ये झोपले. म्हणजे आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. उत्तरेश्वर दात घासत पायरीवर उभा होता. दीपमाला बादली घेऊन बोळात गेली, मीटरच्या भिंतीशी असलेलं सिमेंटचं छोटं झाकण तिने पायाने सरकवलं आणि बादली त्यात ओतली. मग पदराखालून मूठभर खडेमीठ काढून टाकलं.

"हे काय करतेस?"

"काय म्हणजे? शुक्रवार नाही का. अर्थिंगला पाणी."

"मीठ कशाला?"

दीपमाला त्याच्याकडे बघतच राहिली. "तुम्हीच सांगितलं होतं. काट्यांना अर्थिंग चांगलं लागतं, इथं मीठ-कोळसा घातलाय, सुकू देऊ नकोस म्हणून. लोणच्यातलं, कैऱ्यांचं, उरलेलं सगळं मीठ मी इथंच टाकते. वीस वर्षं झाली. बंद करायचं होतं तर सांगायचं."

उत्तरेश्वरच्या तोंडातला फेस हनुवटीवर आला. वीस वर्षं, दर शुक्रवारी, मूठभर मीठ. एवढं मीठ प्यालेली जमीन वीज अडवेल कशाला? ती तर दार उघडं टाकून बसली होती. काल आकडा पडला तो विहिरीमुळे नाही, दीपमालाच्या शब्द पाळण्यामुळे. तो हसायला लागला, आणि त्याला हसताना बघून तीही, काय झालं ते न कळताच.

साईनाथला पुन्हा फोन गेला. नम्रतालाही. गव्हाचं पिंप परत मागे गेलं. प्रेमलाताईंनी गॅलरीतून विचारलं, "काल घर बुडत होतं, आज तरंगलं वाटतं?"

ही हलकी हवा तीन दिवस टिकली.

चौथ्या दिवशी यार्डात एका कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर तो काटा तपासत होता. व्यापारी घाईत होता, म्हणाला, "अहो, पोतं ठेवून बघितलंय मी, बरोबर दाखवतोय." उत्तरेश्वरच्या तोंडून सवयीने निघालं, "बरोबर कशावरून? पोत्याचं वजन तुम्हाला कुठे ठाऊक होतं?" आणि त्याने पिशवीतून शिक्क्याचं वीस किलो काढून ठेवलं.

ठेवलं आणि हात तिथेच राहिला. त्याने स्वतः काय केलं होतं? विहिरीवर आकडा कसा दिसतो हे त्याला कुठे ठाऊक होतं? आधी दहा आला म्हणून विहीर आहे म्हणाला, मग मीठ सापडलं म्हणून विहीर नाही म्हणाला. दोन्ही वेळा काट्यावर अनोळखी पोतं. मिठाने फक्त एवढंच सिद्ध होत होतं की तिथे मीठ आहे.

त्याला शिक्क्याची विहीर हवी होती. जिच्याबद्दल कुणाला शंका नाही अशी, बुजवलेली.

मच्छिंद्र आता गंगाधामच्या बाजूला एका मोठ्या इमारतीत राहत होता. टेम्पो भाड्याने द्यायचा धंदा, खाली त्याचंच पार्किंग. उत्तरेश्वरने डबा पिशवीतच ठेवला आणि विहिरीचं विचारलं. मच्छिंद्रचा चेहरा बंद झाला.

"हे बघा, विहीर व्हती. बुजवली. तुमच्या कागदावर लिवून दिलंय का मी, खाली विहीर न्हाय म्हणून?"

"मी भांडायला नाही आलो. घराखाली आहे की नाही एवढंच—"

"मला काय म्हाईत? मी आठ वर्सांचा. आज्यानं खणली, बापानं बुजवली. मी नुसता विकलेल्या पैशाचा ऊस खाल्ला."

आतल्या खोलीतून म्हातारा, पण खणखणीत आवाज आला. "कोन आलंय रं?" मच्छिंद्रची आई, मालनबाई, काठी न घेता भिंतीला धरत बाहेर आली. उत्तरेश्वरने पुन्हा सांगितलं. तिने निवांत ऐकून घेतलं.

"मी आलते की एकदा तुमच्या गल्लीत, हळदीकुंकवाला," ती म्हणाली. "म्हनलं बघू, कुठं आपलं काय व्हतं. पर समदी घरं एकासारखी एक. माझ्याच शेतात मी वाट चुकले. कुनाला इचारनार?" मग जरा थांबून, "दोन इहिरी व्हत्या आमच्या. एक तिकडं, एक हितं. हितली माझ्या देखत बुजवली. खाली टेम्पो लावत्यात न्हवं, कोपऱ्यात, नळी हाय बघा. बुजवताना नळी ठिवत्यात वर. तिचा श्वास कोंडू नये."

"तिकडच्या विहिरीला ठेवली होती?"

मालनबाईने मुलाकडे बघितलं. मच्छिंद्र मोबाइलकडे बघत होता. "ठिवली असंल," ती म्हणाली. "पर प्लाट इकायचं म्हनल्यावर नळी कोन ऱ्हाऊ दील?"

खाली पार्किंगच्या कोपऱ्यात, दोन टेम्पोंच्या मध्ये, हातभर लोखंडी नळी जमिनीतून वर आली होती. तिला कुणीतरी गंध लावलं होतं. मच्छिंद्र खाली आला, त्याने दोन टेम्पो मागे घेतले, आणि मग हाताची घडी घालून उभा राहिला.

उत्तरेश्वरने नळीपासून लांब राहून, लोखंडाचा संबंध येणार नाही अशा बेताने सळया ठोकल्या. आधी एक-एक मीटरवर, मग दोन, मग तीन. मग कोपऱ्यापासून दूर, घट्ट जमिनीवर, तसंच. इथे थरथर गल्लीपेक्षा कमी होती, तरी प्रत्येक आकडा अनेकदा घेऊन सरासरी काढावी लागली; दोन तास लागले. आणि जे दिसलं ते इतकं साधं होतं की त्याला स्वतःची लाज वाटली. आकडा किती, याला फारसा अर्थ नव्हता. सळया एकमेकींपासून जितक्या लांब, तितकी वीज खोल जाते. घट्ट जमिनीवर सळया लांब केल्या की खालचा मुरूम, खडक लागतो आणि आकडा चढत जातो: वीस, अडतीस, सत्तर. विहिरीवर तो चढत नाही. अठरा, सतरा, एकोणीस. खाली कितीही उतरा, भरावच.

"कळलं का काय?" मच्छिंद्रने विचारलं.

"इथलं कळलं."

मच्छिंद्रने टेम्पोची चावी खिशात टाकली. "घरचं कळलं की मला पन सांगा," तो म्हणाला, जमिनीकडे बघत.

पुढच्या गुरुवारची वाट बघणं उत्तरेश्वरला जड गेलं. सोमवारी साईनाथच्या विटा दाराशी येऊन पडल्या. रोज त्यांच्यावरून पाय टाकून जावं लागे. बुधवारी नम्रताने फोन करून सांगितलं की तिने उद्या सुट्टी घेतली आहे.

"कशाला?"

"वही मी धरते. आई आकडे लिहिताना तुमच्या चेहऱ्याकडे बघते, मग चुकते."

गुरुवारी दहाला लाइट गेली. नम्रता विटांच्या ढिगावर वही घेऊन बसली. दीपमाला सळयांच्या वायरी उचलायला. मीठ असलेल्या जागेपासून शक्य तितकं लांब, बोळाच्या पलीकडच्या कडेने त्यांनी रेघ धरली. पुढच्या खोलीसमोर एक मीटर: तेवीस. दोन मीटर: एकेचाळीस. तीन मीटर: अडुसष्ट. म्हणजे चढत होता. मग ते मागे सरकले.

एक मीटर: सोळा. दोन मीटर: सतरा. तीन मीटर. त्याने पाच मोजले, बटण उलटं केलं, पुन्हा पाच मोजले. पुन्हा एकदा. त्याला आकडा सांगायचा होता पण तो पडद्यावरच्या काळ्या पट्टीवर बोट घासत राहिला.

नम्रता उठून आली आणि तिने स्वतः वाचलं. "अठरा," ती म्हणाली. "पप्पा, चढत नाहीये."

मागच्या बोळातून, प्रेमलाताईंच्या भिंतीलगत, त्यांनी आडवी रेघ घेतली. तिथेही चढत नव्हता. रेघ जिथे संपली तिथपर्यंत नाही.

दीपमाला पायरीवर बसली. वायरी मांडीवर घेतल्या. मग म्हणाली, "अर्थिंगचा खड्डा घ्यायला माणूस आला होता ना, तुम्ही यार्डात होतात. आठ फूट खोल जायचं होतं. दोन दिवस लागतील म्हणाला होता. एका दुपारीत खणून झालं त्याचं. मुरूम लागलाच नाही. त्याला मी जास्तीचा चहा दिला, काम लवकर केलं म्हणून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? माती मऊ आहे म्हणून? मला बरं वाटलं होतं. म्हटलं, गावाकडच्यासारखी माती लागली."

तिच्या आवाजात आरोप नव्हता, स्वतःवरही नाही. उत्तरेश्वर तिच्याशेजारी बसला. दोघांच्या मध्ये विटांची एक रांग होती.

नम्रताच्या तपासणी केंद्रात येणाऱ्या एका बाईचे यजमान बांधकामाचे इंजिनिअर होते. शनिवारी ते आले. वही बघितली, डबा बघितला, काळी पट्टी काढून 'kg' बघून मिशीत हसले. मग चीर बघितली आणि हसणं थांबलं. म्हणाले, यंत्र घरगुती आहे, त्याच्यावर मी सही करणार नाही. पण मी तुमच्या जागी असतो तर वर एक वीटही चढवली नसती. मागची खोली आधी रिकामी करा. आठवड्याभरात एक भोक पाडून खात्री करू.

ते गेल्यावर उत्तरेश्वरला एका जागी बसवेना. तो उठला, बसला, काट्याचा एक स्क्रू उगाच पिळला. "दुसरीकडे भाड्याने बघू," तो म्हणाला. "कोंढव्याकडे. किंवा मी साईनाथला विचारतो, पुढच्याच खोलीवर एक—"

"पप्पा," नम्रता म्हणाली.

"खांब वेगळे घेऊन—"

"अहो, ती काय म्हणतेय ते ऐका," दीपमाला म्हणाली.

नम्रता पुढच्या खोलीभर बघत होती. टेबल, फळ्या, भिंतीला टेकवलेले सतरा काटे. "ही खोली पक्क्यावर आहे ना?"

"ही? हो. ही चढते."

"मग मला वरची कशाला पाहिजे? तुमचं टेबल यार्डात हलवा. ज्या गाळ्यावर तुम्ही रोज बसता तिथं मागे जागा आहे, तुम्हीच सांगितलं होतं. या कोपऱ्यात ओटा, तिथं माझा पलंग, आईचा इकडे. तीन माणसं राहतात हो इतक्या जागेत. मी चौघींमध्ये राहते."

"तुला वरती खिडकी पाहिजे होती," उत्तरेश्वर म्हणाला. खिडकीबद्दल ती कधीच बोलली नव्हती. त्यानेच मनात ठेवली होती, पूर्वेला.

"मला खाली यायचं होतं," नम्रता म्हणाली.

रविवारी सकाळपासून सामान हलायला लागलं. साईनाथ आला, विटा परत उचलायच्या म्हणून तोंड वाकडं करून आला, पण ओट्याचं मोजमाप घ्यायला स्वतःच टेप काढला. टेबल टेम्पोत चढलं. टेम्पो मच्छिंद्रचा होता; उत्तरेश्वरने शनिवारी रात्री फोन करून "मागच्या खोलीखाली. सामान हलवतोय" एवढंच सांगितलं होतं, आणि पलीकडून उत्तर आलं होतं, "उद्या गाडी लावतो." भाड्याचं काही बोलला नाही. टेबल गेलं त्या जागी फरशीवर एक फिकट चौकोन उरला. दीपमाला गॅस सिलिंडर तिरका करून गोल फिरवत मागून पुढे आणत होती, आणि उत्तरेश्वरला वाटत होतं की तिने जरा हळू पाय टाकावेत.

"काय हो, निघालात की काय?" गॅलरीतून आवाज आला. "मागे कुणी राहणार असेल तर आधी सांगा. मला गाण्याचे क्लास घेणारे नकोत."

उत्तरेश्वरने वर बघितलं. गेले तीन दिवस तो हे वाक्य तोंडात घोळवत होता आणि दर वेळी गिळत होता. वहीच्या शेवटच्या पानावरची आडवी रेघ प्रेमलाताईंच्या भिंतीला लागूनच गेली होती.

"ताई, खाली येता का जरा? दाखवायचंय काहीतरी."

त्या आल्या. साडीच्या निऱ्या धरून, पेव्हर ब्लॉकवरून, चष्मा डोक्यावर. त्याने वही उघडून समजावून सांगितलं: सळया लांब केल्या की काय व्हायला हवं, इथे काय होत नाहीये. त्याला वाटलं होतं त्या हसतील, किंवा ओरडतील. त्यांनी बँकेत वाचत असतील तसं, प्रत्येक आकड्याखाली नखाने रेघ ओढत, दोनदा वाचलं. मग मागे वळून स्वतःच्या घराकडे बघितलं. खाली दोन खोल्या, वर दोन, वरच्या माळ्यावर तीस वर्षांचं सामान.

"हे माझ्या भिंतीपर्यंत आलंय. आत किती गेलंय?"

"ते माहीत नाही, ताई. तुमच्या अंगणातून मोजावं लागेल."

"मग इथे काय उभे आहात?"

"आज लाइट आहे. आकडा थरथरतो. गुरुवारी—"

"मेन स्विच मी आमचा बंद करते. आजूबाजूच्या चार घरांत जाऊन सांगते, अर्धा तास बंद ठेवा म्हणून. माझं कोण ऐकणार नाही?" त्यांनी निऱ्या कमरेला खोचल्या. "सळया आणा. आणि दीपमाला, चहा नको. नंतर बघू."

दोन मिनिटांत गल्लीत एकेक पंखा थांबत गेला. उत्तरेश्वर फाटकातून त्यांच्या अंगणात शिरला. पहिली सळई ठोकायला तो वाकला, तेव्हा दुसरी प्रेमलाताईंनी हातात धरली होती, दोन्ही हातांनी, सरळ उभी, आणि त्या विचारत होत्या, "एवढं अंतर बरोबर आहे का?"